विश्वस्त मंडळात वेगळी माणसं का टिकत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मानसिक आरोग्यावर काम करणारी तुमची छोटी संस्था एक हेल्पलाइन आणि दोन आधारगट चालवते. विश्वस्त मंडळात नऊ जण आहेत. त्यातले पाच डॉक्टर, उरलेले त्यांच्याच ओळखीतले, आणि बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. मंडळात विविधता का नाही, असं देणगीदार आता विचारू लागले आहेत. मागे एका शुभार्थींना, म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या एका बाईंना, तुम्ही मंडळावर घेतलंत. काही बैठकांनंतर त्यांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा दिला. आता आणखी एक शुभार्थी तयार आहेत. अशी माणसं मिळवायची कुठे आणि या गृहस्थांना लगेच घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

विश्वस्तांची निवड आणि मंडळाचा कारभार यात मी बरीच वर्षं संस्थांना मदत करतो, आणि ‘माणसं मिळणार कुठे’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक संस्थेकडून येतो. त्यातल्या त्यात तो सोपा आहे, त्याचं उत्तर पुढे देतोच. पण तुम्हाला माणूस मिळाला होता. टिकला नाही. तेव्हा खरा प्रश्न मंडळाच्या आतला आहे: नव्या सदस्याच्या म्हणण्यावरून एखादा ठरलेला निर्णय फिरवायची तुमच्या मंडळाची तयारी आहे का? ती नसेल तर कितीही चांगली जाहिरात दिली तरी पुढच्या वर्षी आणखी एक राजीनामा इतिवृत्तात नोंदवावा लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. संस्थेची नोंदणी ट्रस्ट म्हणून आहे, सोसायटी म्हणून की कंपनी म्हणून, यावर विश्वस्त कोण नेमणार, किती आणि किती मुदतीसाठी हे ठरतं. देश बदलला की नियमही बदलतात. तुमचं मंडळ फक्त धोरण आणि पैसा बघतं की पगारी माणसं कमी असल्यामुळे विश्वस्त स्वतःच हेल्पलाइनवर बसतात, हेही महत्त्वाचं. तसं असेल तर नव्या माणसावर पहिल्याच महिन्यात कामाचा भार येणार, आणि तो निवडीच्या वेळीच सांगायला हवा. आणि तुमचे संस्थापक अजून मंडळावर आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर पुढचं बरंचसं त्यांच्याशी आधी, एकट्याने बसून बोलावं लागेल.

आता माझी पद्धत. कुठल्या गटातली किती माणसं हवीत, हे मी सुरुवातीला विचारत नाही. येत्या दोन वर्षांत मंडळापुढे येणारे पाच-सहा मोठे निर्णय कागदावर लिहून काढायला सांगतो. तुमच्यासारख्या संस्थेत ते साधारण असे असतील: हेल्पलाइनची वेळ वाढवायची का, आणखी कुठल्या भाषांत ती चालवायची, फोन करणाऱ्यांची कोणती माहिती नोंदवून ठेवायची, औषध कंपनीची देणगी घ्यायची का, एखाद्याच्या जिवाला धोका वाटला तर त्याच्या संमतीशिवाय घरच्यांना किंवा पोलिसांना कळवायचं का. मग प्रत्येक निर्णयापुढे दोन नोंदी करायच्या. याचा परिणाम कोणाला भोगावा लागणार? आणि त्यांच्यातलं कोणी आज टेबलाशी बसलेलं आहे का?

ही यादी पूर्ण झाली की ‘विविधता’ हा गुळगुळीत शब्द गळून पडतो आणि नेमक्या जागा दिसू लागतात. पोलिसांना कळवण्याच्या धोरणापुढे बहुधा दिसेल की ज्यांच्या दारात पोलीस येऊन उभे राहिले आहेत असं मंडळात कोणीच नाही. भाषेच्या निर्णयापुढे दिसेल की नऊच्या नऊ जण घरी एकच भाषा बोलतात. माहिती नोंदवण्यापुढे दिसेल की माहितीची सुरक्षा कळणारा माणूसच नाही, आणि तो तिशीतला असेल तर वयाचाही प्रश्न थोडा सुटतो. शिवाय, अशी नड लिहिलेली असली की नव्या सदस्याला आपण शोभेसाठी आलोय असं वाटत नाही. देणगीदाराला दाखवायला फोटोत एक वेगळा चेहरा हवा, एवढंच कारण असेल तर ते त्या माणसाला पहिल्याच बैठकीत कळतं.

पाच डॉक्टरांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ते चांगलेच असतील. पण पाच डॉक्टर असलेल्या मंडळात प्रत्येक प्रश्नाचं हळूहळू केस-डिस्कशन होतं. त्यातल्या दोन स्त्रिया असल्या किंवा एक तरुण असला तरी दाखल करणं, गोळ्या, जोखीम याकडे बघण्याचा चष्मा एकाच शिक्षणातून आलेला असतो. म्हणून कागदावरची विविधता आणि दृष्टीतली विविधता या दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. त्यातल्या एकीवर भागत नाही.

शुभार्थींच्या जागेबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमचं पाऊल तिथेच अडखळलं आहे. मानसिक आरोग्याच्या चळवळीत ही मागणी नवी नाही. अमेरिकेत 1909 साली मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी राहिली, ती क्लिफर्ड बीअर्स यांच्या पुढाकारातून. ते स्वतः मनोरुग्णालयांत राहून आलेले होते आणि तिथले हाल त्यांनी आदल्याच वर्षी जगापुढे मांडले होते. त्यांच्याबरोबर अ‍ॅडॉल्फ मायर यांच्यासारखे नामवंत मनोविकारतज्ज्ञ होते. पुढे जगभर अशा संस्था वाढल्या आणि त्यांचा कारभार मोठ्या प्रमाणावर व्यावसायिकांच्या हाती राहिला. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराने गाडी पुन्हा मूळ मार्गावर आणली: दिव्यांगांविषयीचे निर्णय घेताना त्यांना, त्यांच्या संघटनांमार्फत, सक्रियपणे सामील करून घेतलं पाहिजे. दीर्घकालीन मानसिक आजार असलेली माणसंही त्या करारात येतात. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा पातळीवरच्या पुनरावलोकन मंडळांची रचना दिली आहे. त्यात न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर दोन जागा शुभार्थी, शुभंकर (म्हणजे काळजी घेणारे घरचे) किंवा त्यांच्या संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांच्या प्रतिनिधींसाठी ठेवल्या आहेत. दाखल करण्यासारख्या नाजूक विषयावर निर्णय घेणाऱ्या मंडळात ते बसू शकतात, तर तुमच्या संस्थेच्या अंदाजपत्रकावर बोलायला हरकत कसली?

त्या कायद्यातल्या ‘दोन’ या आकड्याकडे लक्ष द्या. मंडळातला एकटा शुभार्थी सगळ्या शुभार्थींचा प्रवक्ता होऊन बसतो. तो बोलला की ‘अनुभवातून बोलतो’, गप्प बसला की ‘बरं वाटत नसेल’, चिडला की काही विचारूच नका. 1977 साली समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीतल्या एकट्यादुकट्या स्त्रियांबद्दल हेच दाखवून दिलं होतं: अशा माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण माणूस म्हणून त्याला कोणी पाहत नाही, त्याच्यावरची पाटी तेवढी वाचतात. पुढे 2006 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या महिला संचालकांशी बोलून झालेल्या एका अभ्यासात दिसलं की संचालक मंडळात तीन स्त्रिया झाल्या की वातावरण बदलतं, त्यांचं बोलणं ‘बायकांचं मत’ न राहता नुसतं मत होतं. कंपनी आणि सेवाभावी संस्था यांत फरक आहे, म्हणून तीनच हवेत असा हट्ट मी धरत नाही. पण नऊ जणांच्या मंडळात एक, हे मी कोणालाही सुचवत नाही.

शुभार्थी आणि शुभंकर यांना एका जागेत बसवू नका. बाहेरून दोघं एकाच बाजूचे वाटतात. पण ‘मुलाच्या उपचारांची माहिती आईला द्यायची का’ या प्रश्नावर दोघांची मतं पार विरुद्ध असू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मंडळाला तो वाद ऐकायला मिळणं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

पुढची पायरी: संस्थेची घटना काढून वाचा. जुन्या घटनांमध्ये ‘विश्वस्त वेडा झाल्यास’ किंवा ‘मानसिकदृष्ट्या अक्षम झाल्यास त्याचं पद संपुष्टात येईल’ अशा अर्थाचं कलम हमखास असतं. कोणीतरी कुठल्यातरी नमुन्यातून उतरवलेलं, कोणी कधी न वाचलेलं. तुम्ही बोलावणार असलेला शुभार्थी मात्र ते वाचणार. ब्रिटनमध्ये 2013 साली खास कायदा करून कंपन्यांच्या नमुना नियमांतून मानसिक आरोग्याच्या कारणावरून संचालकपद जाण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. भारताचा 2017 चा कायदाही म्हणतो की केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून ती व्यक्ती ‘विकल मनाची’ ठरत नाही. ते न्यायालयाने जाहीर करावं लागतं. तुमच्या कलमाचं नेमकं काय करायचं ते वकिलाला विचारा, पण नवी नेमणूक करण्याआधी विचारा. त्याच्या जागी साधा नियम ठेवता येतो: कोणत्याही विश्वस्ताला, कोणत्याही आजारपणासाठी, ठरावीक काळ रजा, जागा त्याचीच राहील, सलग किती बैठकांना गैरहजर राहिल्यास काय, हे सगळ्यांना सारखं. बायपास झालेल्या खजिनदारांसाठी आपण जे एरवी न सांगता करतो, तेच लिहून ठेवायचं.

आता ‘कुठे’. इंग्लंड आणि वेल्समधल्या विश्वस्तांचा 2017 साली एक मोठा अभ्यास झाला. तिथे विश्वस्तांमध्ये पुरुष स्त्रियांच्या दुप्पट आणि 92 टक्के श्वेतवर्णीय निघाले, आणि बहुतेकांची नेमणूक अनौपचारिकपणे, ओळखीतून झालेली होती. यात कोणाचा कट नसतो. ओळखीतून माणूस शोधला की आपल्यासारखाच सापडतो, एवढंच. त्यामुळे पहिला बदल म्हणजे उघड जाहिरात, आणि ती तुमच्या नेहमीच्या वर्तुळाबाहेर पोचवणं: इतर संस्थांचे आधारगट, शुभंकरांचे गट, दिव्यांगांच्या आणि एलजीबीटी समूहाच्या संघटना, कामगार संघटना, समाजकार्याची महाविद्यालयं, तरुण लेखापालांचे आणि वकिलांचे मंच. नुसता मेल टाकून काम होत नाही. त्या गटाच्या चालकांना भेटा आणि ‘कोणी योग्य माणूस सुचवा’ असं म्हणण्याआधी ‘आमच्या संस्थेबद्दल तुमच्याकडे काय बोललं जातं’ हे विचारा. उत्तर कधी कडू असतं. पण त्याशिवाय पुढचं बोलणं खरं होत नाही.

जाहिरातीची भाषा बघा. ‘किमान दहा वर्षांचा नेतृत्वाचा अनुभव, उत्तम संवादकौशल्य’ असं लिहिलंत की तेच ते अर्ज येतात. आजारपणात ज्याच्या नोकरीची काही वर्षं गेली तो माणूस पहिल्याच ओळीला थांबतो. मी साधारण असं लिहायला सांगतो: ‘आम्हाला दोन विश्वस्त हवे आहेत. येत्या वर्षात हेल्पलाइन रात्री सुरू ठेवायची का आणि त्यासाठी पैसा कुठून आणायचा, हे आम्हाला ठरवायचं आहे. मानसिक आजाराचा स्वतःचा किंवा घरातला अनुभव असलेल्यांनी जरूर अर्ज करावा. निदान सांगण्याची गरज नाही. वर्षाला सहा बैठका, प्रत्येकीआधी दोन-तीन तासांचं वाचन. मानधन नाही, प्रवासाचा आणि तुमच्या अनुपस्थितीत घरच्यांची काळजी घेणाऱ्या मदतनिसाचा खर्च संस्था आगाऊ देईल. हिशोब वाचायला आम्ही शिकवू.’ ‘आगाऊ’ हा शब्द मुद्दाम घातलाय. पदरचे पैसे घालून पावती द्या आणि महिनाभर थांबा, असं म्हणणं ज्याला परवडतं तोच मग येतो. विश्वस्तांना खर्चापलीकडे काही देता येतं का, हे मात्र तुमच्या कायद्यावर आणि घटनेवर आहे. परस्पर ठरवू नका.

जबाबदारी सौम्य करून सांगू नका. विश्वस्तपद म्हणजे कायदेशीर जबाबदारी. संस्थेच्या पैशाचा गैरवापर झाला तर प्रश्न सगळ्यांना विचारले जातात, नव्या माणसालाही. ‘तुम्ही फक्त या, तुमचा अनुभव सांगा, बाकी आम्ही बघतो’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण त्याचा अर्थ ‘सही तुमची, निर्णय आमचा’ असा होतो. निवडीआधी मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, चालू असलेले वाद, विमा आहे की नाही, हे सगळं उमेदवारापुढे ठेवा. ते बघून कोणी नाही म्हणाला तर ते दोघांच्याही भल्याचं.

मुलाखतीत आजाराचा इतिहास विचारायचा नाही. त्याऐवजी मी विचारतो: एखाद्या गटात सगळ्यांच्या विरुद्ध मत मांडायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत? आमच्या कामातली कुठली गोष्ट तुम्हाला पटत नाही? बैठकीत एखादा विषय तुम्हाला फार जवळचा निघाला तर त्या वेळी काय झालेलं तुम्हाला चालेल? शेवटचा प्रश्न डॉक्टर उमेदवारांनाही विचारा. त्यांच्याही घरी माणसं असतात.

एक अडचण बहुतेक संस्था बोलून दाखवत नाहीत. उमेदवार सध्या तुमच्याच समुपदेशकाकडे जात असेल तर? मग तो ज्याच्यापुढे मन मोकळं करतो त्याच्याच पगारवाढीवर मत देणार. मनाई करायलाच हवी असं नाही, पण हे हितसंबंध म्हणून आधी बोलून घ्या: एकतर उपचार दुसरीकडे, किंवा कर्मचाऱ्यांच्या विषयांवर त्याने मतदान न करणं. आणि मंडळातल्या डॉक्टरांनी आपल्या स्वतःच्या रुग्णाचं नाव सुचवू नये. तिथे ‘नाही’ म्हणायची मोकळीक रुग्णाला नसते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी निर्णयांची यादी, मग घटनेची दुरुस्ती, मग निदान दोन जागा, मग उघड जाहिरात. हे सगळं व्यवस्थित झालं तरी माणूस दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत गळतो, तो खोलीतल्या वागण्यामुळे.

मी पाहिलेली एक बैठक. हेल्पलाइन दुपारी बारा ते सहा चालायची, कारण स्वयंसेवक त्या वेळेत मिळत. नव्याने आलेल्या एका शुभंकर बाईंनी विचारलं, “माझा मुलगा रात्री दोनला उठून बसतो. सहानंतर मी काय करावं, असं तुमचं म्हणणं आहे?” अध्यक्ष सज्जन माणूस. ते म्हणाले, “मॅडम, हा ऑपरेशनल मुद्दा आहे, तो आपण ऑफिसकडे देऊ,” आणि पुढचा विषय घेतला. कोणी आवाज चढवला नाही, कोणी अपमान केला नाही. इतिवृत्त आलं तेव्हा त्यात त्या प्रश्नाची ओळसुद्धा नव्हती. पुढच्या बैठकीला त्या आल्या, पण बोलल्या नाहीत. त्यांनीही राजीनामा दिला असता तर कारण ‘वैयक्तिक’च लिहिलं असतं.

असं होऊ नये म्हणून काही साध्या सवयी लागतात. विषयपत्रिका आणि कागद आठवडाभर आधी. आदल्या रात्री ऐंशी पानं पाठवणं म्हणजे जुन्या लोकांनीच ठरवायचं असं आधीच ठरवणं. मोठा विषय दोन बैठकांत घ्यायचा, पहिलीत चर्चा आणि दुसरीत ठराव, म्हणजे ज्याला तिथल्या तिथे शब्द सुचत नाहीत त्यालाही वेळ मिळतो. अध्यक्षांनी आपलं मत शेवटी सांगायचं. ज्याची हरकत फेटाळली त्याची हरकत आणि फेटाळण्याचं कारण, दोन्ही इतिवृत्तात. आणि बैठकीआधी जुन्या मंडळींचं फोनाफोनी करून सगळं ठरवून येणं बंद. हे शेवटचं सगळ्यात कठीण, कारण त्याला कोणी ‘ठरवून येणं’ म्हणत नाही, ‘जरा बोलून घेणं’ म्हणतात.

काही संस्था यावर सल्लागार समितीचा तोडगा काढतात: शुभार्थींची वेगळी समिती, मत देणार, मतदान नाही. मंडळाकडे येण्याची पायरी म्हणून, मुदत ठरवून केली तर ती उपयोगी पडते. एरवी ती वेटिंग रूम होते. शेरी आर्न्स्टाइन यांनी 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात तळातून दुसऱ्या पायरीला त्यांनी नाव दिलं होतं ‘थेरपी’: माणसाला निर्णयात घेण्याऐवजी त्यालाच सुधारायला बसवणं. सहभागाच्या नावाखाली चालणारा, पण सहभाग नसलेला प्रकार म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. मानसिक आरोग्याच्या संस्थेने ती पायरी ओळखायला हवी. आपल्याकडे तिथे घसरणं फार सोपं असतं.

जागा कुठून येणार, हेही बघावं लागेल. नऊच्या नऊ भरलेल्या आहेत. मंडळ अकराचं करता येतं, पण मग जुन्यांचं बहुमत तसंच राहतं. तीन वर्षांची मुदत, सलग दोनदाच, आणि दर वर्षी एक तृतीयांश जणांची मुदत संपेल अशी रचना, हे मला सर्वांत कमी भांडणाचं वाटतं. सगळ्यांची मुदत एकदम संपवली तर संस्थेची आठवणच पुसली जाते. जाणाऱ्या डॉक्टरांना वैद्यकीय सल्लागार म्हणून ठेवा. त्यांच्या ज्ञानाची गरज आहे, मतांच्या गठ्ठ्याची नाही. ‘यात गुणवत्तेचं काय?’ असं कोणीतरी म्हणेलच. त्यांच्यापुढे ती निर्णयांची यादी ठेवा आणि रात्री दोनच्या फोनबद्दल मंडळात सर्वांत जास्त कोणाला कळतं, ते विचारा.

आता तयार असलेले गृहस्थ. लगेच नेमू नका, आणि ‘थांबा, कळवतो’ असंही सांगू नका. आधी त्या राजीनामा दिलेल्या बाईंना फोन करा. अध्यक्षांनी नको, तुम्ही करा. परत या म्हणायला नाही, काय झालं ते विचारायला, आणि त्या सांगतील त्यातलं मंडळापुढे काय ठेवलेलं त्यांना चालेल, तेही विचारा. नंतर विश्वस्त निवडण्यासाठी चार जणांची समिती करा आणि या गृहस्थांना तिच्यात घ्या, मतासकट. मात्र ते स्वतः उमेदवार राहणार असतील तर फक्त निर्णयांची यादी आणि जाहिरात तयार होईपर्यंत. अर्ज उघडण्याआधी त्यांनी बाजूला व्हायचं, आणि हे त्यांना आजच सांगायचं. तुमच्या आकाराच्या संस्थेत घटनादुरुस्तीसकट याला सहज वर्ष जाईल. दरम्यान दोन बैठकांना त्यांना निरीक्षक म्हणून बसू द्या, कागद सगळे द्या. त्यानंतरही त्यांना यायचं असेल, तर ते दुसऱ्या नव्या सदस्याबरोबर, एकाच ठरावाने येऊ देत.